हरळी मारणारा झुंबर

झुंबर साबळे काय काम करतो असं कुणी विचारलं, की त्याची बायको चांगुणा सरळ सांगायची, "गवताला मारतात." ऐकणाऱ्याला थट्टा वाटायची. थट्टा नव्हती.

नाशिकच्या एका रोपवाटिकेत शेखर नावाचे गृहस्थ होते. मैदानावरच्या गवताचं शिक्षण घेऊन ते परत आले होते आणि त्यांना एकच नाद लागला होता. जिल्ह्यातल्या शाळांची मैदानं म्हणजे मुरूम आणि खडी. पोरगं पडलं की गुडघ्याचं सालटं निघालंच. या मैदानांवर तग धरेल असं एखादं गवत असणारच, ते आपण हुडकून काढू, असं शेखरसर म्हणायचे. पण नाशिक जिल्ह्यात हवा एका जातीची नाही. घोटीला पावसाळाभर उघडीप मिळत नाही. सायखेड्याला काळी माती, उशाला गोदावरी आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. नामपूरकडं उन्हाळ्यात अनवाणी पाय टेकवत नाही. एकीकडं फोफावणारं गवत दुसरीकडं कुजतं आणि तिसरीकडं करपतं. म्हणून सरांनी तिन्ही गावांत जमीन मिळवली, चौकोन पाडले आणि सगळीकडं त्याच बारा जाती लावल्या. काही परदेशी, काही बंगल्यांच्या लॉनमधल्या, दोन-तीन तर चक्क आपल्या बांधावरच्या हरळीच्या.

लावणं सोपं होतं. पुढचं काम झुंबरचं. कोणती जात चिवट हे कळायचं तर तिचे हाल करावे लागतात. झुंबर पाणी तोडायचा, गवत पिवळं पडून चुरचुरायला लागेपर्यंत वाट बघायचा. मातीला घासून कापायचा. आणि रोलर फिरवायचा. हा रोलर सरांनी अंबडच्या एका वर्कशॉपमधून करून घेतला होता. लोखंडी पिंप, आत काँक्रीट ओतलेलं, वर बोटाएवढे खिळे. बूट घालून खेळणारी पोरं वर्षभरात गवताची जी दशा करतील, ती या रोलरनं चार दिवसांत व्हायची. तिन्ही गावांना असा एकेक रोलर होता. झुंबर छातीला पट्टा लावून तो एकटा ओढायचा, आणि मागं वळून चिंधड्या झालेल्या गवताकडं बघताना त्याला बरं वाटायचं. का बरं वाटतं, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही.

मारणं त्याच्या घरातलंच होतं. बाप नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाल. दिवसभर पोती वाहून आला की कमरेचा पट्टा काढायचा. पोरानं काही केलेलं असो वा नसो. झुंबर वाढला तो मार चुकवत, आणि मोठा झाल्यावर कबड्डीत शिरला. पकडीला त्याच्यासारखा गडी नाशिकरोडला नव्हता. एकदा घोटा हाती लागला की चढाईवाला परत जायचा नाही. खेळाच्या कोट्यातून नोकरीचं जवळपास ठरलंही होतं. तेवढ्यात देवळालीच्या एका सामन्यात समोरच्या गड्यानं बरगडीत कोपर मारलं. शिट्टी वाजली होती, डाव संपला होता, दोघं उठून उभे राहिले होते. झुंबरनं त्याचा जबडा फोडला. गड्याचे दात मातीत पडले. पोलीस केस झाली, नोकरी गेली, कबड्डी सुटली. पुढं तो एका मैदानावर पाणी मारायला लागला, आणि तिथंच तो शेखरसरांच्या नजरेला पडला.

लग्न झाल्यावर एकदा जेवणाच्या ताटावरून त्यानं चांगुणावर हात उचलला. चांगुणानं गॅसवरचा तापलेला तवा उचलला आणि त्याच्या मनगटाला टेकवला. कातड्याचा वास घरभर झाला. "पुन्हा उचललात तर तोंडावर ठेवीन," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून घरात त्याचा हात सुटला नाही. बाहेर सुटायचा.

पहिल्या पावसाळ्यात घोटीचे चौकोन पाण्याखाली गेले. बहुतेक परदेशी जाती बुरशीनं काळ्या पडल्या. झुंबर गुडघाभर चिखलात रोलर ओढायचा, पायाला लागलेल्या जळवा चुना लावून काढायचा. सायखेड्याला नदीनं पात्र सोडलं आणि चौकोनांवर गाळाचा थर बसला. त्याखालून चार जाती वर आल्याच नाहीत. हिवाळ्यात दवाचं बर्फ झालं तेव्हा आणखी दोन गेल्या. राहिल्या त्यांची खरी परीक्षा नामपूरला होती, आणि नामपूरचा उन्हाळा त्या वर्षी भयानक होता.

नामपूरची जमीन सोमनाथ नावाच्या माणसाची. तो सटाण्याला राहायचा. त्याच्या बोअरला बऱ्यापैकी पाणी होतं म्हणूनच सरांनी ती जमीन निवडली होती. अर्ध्या चौकोनांना ठिबकनं पाणी द्यायचं, अर्ध्यांना थेंबही नाही, असा बेत. मार्च सरला तशा गावाच्या विहिरी आटल्या. टँकर यायला लागला. ओळीत उभ्या असलेल्या बायकांना रस्त्यापलीकडं तारेच्या कुंपणात हिरवंगार गवत दिसायचं. आणि गवत तरी कसलं, तर हरळी. ज्या हरळीच्या काशा, खोल गेलेल्या चिवट मुळ्या, खणता खणता त्यांच्या बापजाद्यांचं कंबरडं मोडलं होतं, तिला हा नाशिकचा माणूस नळीनं पाणी पाजत होता. शेखरसरांनी ग्रामपंचायतीत येऊन सगळं समजावलं होतं. पण ते हिवाळ्यात. हिवाळ्यात समजलेलं एप्रिलमध्ये कुणाच्या ध्यानात राहतं?

झुंबर त्या दिवसांत तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये मुक्कामाला होता. आधी कुंपणावर दगड पडायला लागले. मग ठिबकच्या नळ्या कापलेल्या सापडायला लागल्या. त्यानं सरांना फोन केला. सर म्हणाले, रोज तासभर बोअर गावासाठी सोडायला सोमनाथला सांगतो. सोमनाथनं साफ नकार दिला. आज तासभर दिला तर उद्या बोअर त्यांचाच होतो, असं त्याचं म्हणणं पडलं. झुंबरला यात काही वावगं वाटलं नाही. त्याला नळ्या कापणारा हवा होता.

तो एका सकाळी सापडला. मोतीराम, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, शाळेच्या समितीवरचा माणूस. गावात त्याला नाना म्हणायचे. नळीचं तोंड कापून तो कॅन भरत होता आणि बायको पुतळाबाई दुसरा कॅन धरून शेजारी उभी होती. झुंबरला बघून मोतीराम पळाला नाही की ओशाळला नाही. कॅन भरू दिला आणि म्हणाला, "मान्सेस्ले पानी नही, नि गवतले शे."

झुंबरनं त्याच्या कानाखाली मारली. एकच, पण पकडीच्या गड्याचा हात होता. मोतीराम कॅनवर आडवा पडला, पाणी सांडलं, टोपी चिखलात गेली. टँकरच्या ओळीतल्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं. पुतळाबाईनं टोपी उचलली, पदरानं पुसली आणि नवऱ्याच्या हातात दिली. मोतीरामनं ती डोक्यावर घातली नाही. हातात धरूनच तो घरी गेला.

सरांना कळल्यावर ते फोनवर ओरडले नाहीत. आजच्या आज त्या माणसाच्या घरी जा आणि माफी माग, एवढंच म्हणाले. झुंबर हो म्हणाला आणि गेला नाही. चोराची माफी कसली मागायची, असं त्याचं मत होतं.

पुढच्या आठवड्यात पाणी दिलेल्या चौकोनांवर लष्करी अळी पडली. आजूबाजूला हिरवं काही उरलंच नव्हतं, त्यामुळं सगळी कीड तिथंच जमली. दोन दिवसांत गवताचे शेंडे खाऊन साफ. सरांनी औषध सांगितलं. बाटलीवर लाल त्रिकोण होता, म्हणजे जहालातलं जहाल. झुंबरनं तोंडाला फडकं बांधून भल्या पहाटे फवारणी केली, कुंपणाच्या चारी कोपऱ्यांना लाल कापडाच्या चिंध्या बांधल्या, हातपाय धुतले आणि शेडच्या सावलीला चहा ठेवला.

चहा उकळत होता तेव्हा तारा तुटल्याचा आवाज आला. मोतीरामनं पक्कडीनं कुंपण कापलं होतं आणि दोन म्हशी आत घातल्या होत्या. सोबत त्याचा पुतण्या महेश होता, तिशीतला, अंगानं थोराड. चोरून नव्हे, लपून नव्हे. उजेडात, ताठ मानेनं, गावाला दिसेल असं. दोन्ही म्हशींच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आलेल्या. त्यांनी गवत बघितलं आणि माना खाली घातल्या.

झुंबर धावत सुटला. "औषध मारलंय," तो ओरडला. "काढ त्यांना. मरतील."

"खाऊ दे त्यास्ले," मोतीराम शांतपणे म्हणाला. "तुनं औषध तूच पी."

त्याला ते खोटं वाटलं यात नवल नव्हतं. पाण्याच्या एका कॅनसाठी कानाखाली मारणारा माणूस म्हशीची काळजी करेल, हे कुणाला खरं वाटेल? झुंबरला तेव्हा एवढा विचार सुचला नाही. त्यानं पडलेलं लोखंडी दाताळं उचललं आणि पुढच्या म्हशीच्या तोंडावर हाणलं. शिंग बुडाशी मोडलं, रक्ताची चिळकांडी उडाली, म्हैस हंबरून मागं सरली. पण भुकेलेलं जनावर ते. दोन पावलं जाऊन तिनं पुन्हा तोंड खाली घातलं. रक्त गवतावर टपकत होतं आणि ती तेच गवत खात होती. झुंबरनं पुन्हा दाताळं उगारलं तेव्हा मागून महेशनं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या पाठीत घातला.

झुंबर वळला. पुढं काय झालं ते त्याला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. महेशचं नाक आपल्या कपाळाखाली फुटल्याचा आवाज त्याला आठवतो. मोतीराम गळ्याला लोंबकळला होता, त्याची बोटं सोडवताना त्यानं त्यांना चावा घेतला, तोंडात रक्ताची चव आली, तीही आठवते. तिघं गवतावर लोळत होते, आणि लोळता लोळता झुंबर सारखा तेच सांगत होता, म्हशी काढा, म्हशी काढा. कुणी ऐकलं नाही. दोन्ही म्हशी पोटभर खात राहिल्या.

तिघं दमून बाजूला झाले तेव्हा शिंग मोडलेली म्हैस थरथरत होती. आधी मांड्या, मग सगळं अंग. तोंडातून लाळेची दोरी लोंबायला लागली. मोतीराम तिच्याकडं बघत उभा राहिला. तिचे पुढचे पाय दुमडले, ती कोसळली आणि पाय झाडायला लागली. खुरांनी तिनं जमीन उकरली, गवताचे गठ्ठेच्या गठ्ठे उडाले. डोळे पांढरे झाले. मोतीराम तिच्या गळ्याशी बसला. तिच्या मानेवरून हात फिरवत तो काहीतरी पुटपुटत होता. म्हैस ताठ झाली तरी त्याचा हात फिरतच होता.

झुंबर त्या वेळी पळू शकला असता. शेडमागं मोटारसायकल उभी होती. पण तो जागचा हलला नाही. जनावर मरताना त्यानं आधी पाहिलं होतं, पण इतक्या जवळून, आणि आपल्या हातच्या औषधानं, कधीच नाही. तेवढ्यात रस्त्यावरून माणसं आली.

किती आली ते त्यानं मोजलं नाही. टँकर नुकताच येऊन गेला होता, त्यामुळं सगळे रस्त्यावरच होते. कुणीतरी विचारलं, काय झालं? मोतीराम उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "यानी मनी म्हैस मारी टाकी," तो म्हणाला. एवढं पुरेसं झालं.

पहिला दगड झुंबरच्या भुवईवर बसला. त्यानं एकाला पाडलं, दुसऱ्याचा हात पिरगाळला, आणि मग त्याला कुणी उभं राहू दिलं नाही. लाथा, काठ्या, चपला. एका म्हातारीनं त्याच्या तोंडात माती कोंबली. पाणी पाज म्हणाली, गवताला पाजतोस तसं मला पाज. त्यांच्या अंगात त्या उन्हाळ्याचं सगळं साचलेलं होतं. रिकामे हंडे, सोमनाथचा नकार, ओळीत गेलेल्या सकाळी. सोमनाथ सटाण्यात होता. सापडला तो झुंबर.

मग महेशला रोलर दिसला. फुटलेल्या नाकातून रक्त गळत होतं, त्याचा सदरा पुढून लाल झाला होता. तिघांनी मिळून रोलर हलवला. झुंबरला मातीवरून येणारी ती घरघर कळली. त्या आवाजाला तो सवयीचा होता. त्यानं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यावर कुणीतरी बसलं होतं. उजव्या पावलावर रोलर चढला आणि तिथंच थांबला. खिळे आत गेले. हाडांचा आवाज जमलेल्या सगळ्यांना ऐकू आला. काहीजण मागं सरले. महेश सरला नाही. पुन्हा ढकला, तो म्हणाला, वर घ्या, मांडीवर घ्या. मोतीरामनं रोलरच्या दांड्याला हात लावला.

त्याच वेळी पुतळाबाई आली. घरी निरोप गेला होता आणि ती धावत आली होती. एक म्हैस मेलेली आणि दुसरी लाळ गाळत थरथरतेय हे तिनं पाहिलं, रोलर पाहिला, रोलरखालचा माणूस पाहिला. झुंबरच्या तोंडात माती होती. त्यानं ती थुंकली. पुढं त्यानं जे केलं ते का केलं, हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. जीव वाचवायला म्हणावं तर तेव्हा त्याला वाचायची आशा नव्हती. दुसऱ्या म्हशीची थरथर त्याला दिसत होती, एवढंच.

"शेडमध्ये बाटली आहे," तो पुतळाबाईला म्हणाला. "लाल त्रिकोणाची. ढोरांच्या डॉक्टरला दाखव. दुसरी वाचेल. पळ."

पुतळाबाई शेडकडं गेली आणि बाटली घेऊन आली. ती बाटली तिनं एका बाईच्या हातात दिली आणि डॉक्टरकडं पिटाळली. मग तिनं पडलेल्या दाताळ्याचा दांडा उचलला.

"सोडा त्याले," ती म्हणाली. "मरी जाई तो."

मोतीरामनं रोलरचा दांडा सोडला नाही. पुतळाबाईनं सगळा जोर लावून त्याच्या मनगटावर घाव घातला. हाड मोडलं. मोतीराम ओरडला नाही, नुसता तिच्याकडं बघत राहिला, लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस अनोळखी बाईकडं बघतो तसा. ती महेशकडं वळली, तेव्हा महेश मागं सरला. बाकीचे आधीच पांगायला लागले होते. तिनं एकटीनं रोलर ढकलून बघितला, तो हलला नाही. शेवटी मघाशी झुंबरला लाथा घालणाऱ्यांतलेच दोघं परत फिरले, आणि त्यांनी तो झुंबरच्या पायावरून उतरवला.

डॉक्टरांनी बाटली बघून नेमकं इंजेक्शन दिलं. दुसरी म्हैस वाचली. झुंबरला गाडीत घालून नाशिकला आणलं. पाऊल वाचलं नाही. घोट्याच्या वर कापावं लागलं. तीन बरगड्या मोडल्या होत्या, डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं.

शेखरसर दवाखान्यात आले आणि खाटेजवळ बसून रडले. नामपूरचं सगळं बंद करतो, म्हणाले. झुंबरला त्यांचा राग आला. एवढं सगळं होऊनही पाण्याविना कोणतं गवत जगलं, हे न बघताच उपटून टाकायचं? पाणी तोडा, तो म्हणाला, आणि पावसाळ्यापर्यंत तिकडं कुणी फिरकू नका. रडणाऱ्या सरांपेक्षा चांगुणा त्याला बरी वाटायची. ती रडायची नाही. ड्रेसिंग करताना पट्टी ओढली जाऊन तो किंचाळला तर म्हणायची, ओरडा, इथं कुणी ओळखीचं नाही. एका दुपारी तिनं विचारलं, त्या माणसाला आधी तुम्ही मारलं होतं का? झुंबर हो म्हणाला. त्या संध्याकाळी ती डबा घेऊन आली नाही, आपल्या मुलीच्या हाती पाठवला.

केस उभी राहिली. मोतीराम, महेश आणि आणखी दोघं आत गेले, काही महिन्यांनी जामिनावर सुटले. मधल्या माणसांच्या फेऱ्या झाल्या, तडजोड करा म्हणून. झुंबर बधला नाही. त्याला ते चौघं तुरुंगात हवे होते. रात्रंदिवस नसलेलं पाऊल दुखायचं, आणि तो महेशचं नाक पुन्हा पुन्हा फोडायचा, मनातल्या मनात.

दरम्यान एकदा पुतळाबाई नाशिकला आली. झुंबरच्या दाराशी उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. चांगुणानं हाताला धरून आत आणलं. म्हैस कशी आहे, झुंबरनं विचारलं.

"जगनी," ती म्हणाली. "पन तिना गाभ गया."

केस मागं घ्या असं ती म्हणेल, याची झुंबर वाट बघत होता. नाही म्हणायचं त्यानं ठरवूनही ठेवलं होतं. ती ते म्हणालीच नाही. चांगुणानं दिलेला चहा प्यायली, त्याच्या पायाकडं नीट बघितलं आणि निघून गेली.

खटला सटाण्याच्या कोर्टात चालला. झुंबरची साक्ष होती त्या दिवशी बाहेर एकच बाक रिकामा होता. झुंबर कुबड्या टेकून एका टोकाला बसला. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाला मोतीराम येऊन बसला. त्याचं मनगट वाकडंच जुळलं होतं, त्या हाताची मूठ मिटत नव्हती. झुंबरच्या हाताच्या शिरा तटतटल्या. एक कुबडी उचलून आडवी फिरवली तर म्हाताऱ्याच्या कानशिलात बसेल, एवढंच अंतर होतं. त्यानं कुबडी घट्ट धरून ठेवली.

"ते गवत जगनं का?" मोतीरामनं विचारलं. समोर बघतच.

"दोन जाती जगल्या," झुंबर म्हणाला. "एक बाहेरची. एक सायखेड्याच्या बांधावरची हरळी."

"पानी बिगर?"

"पाण्याबिगर."

मोतीरामनं मान हलवली. त्याला अजून काही विचारायचं होतं असं दिसलं, पण शिपायानं झुंबरचं नाव पुकारलं. झुंबर उठताना अडखळला, कुबडी घसरली. मोतीराम बसूनच राहिला. झुंबरनंही त्याच्याकडं बघितलं नाही.

साक्षीत त्यानं जे झालं ते सांगितलं. महेश, रोलर, दांड्यावर मोतीरामचा हात, काही गाळलं नाही. मग समोरच्या वकिलानं विचारलं, पहिला हात कोणी उचलला होता? सरकारी वकिलानं आधीच सांगून ठेवलं होतं की आठवत नाही म्हण. झुंबर म्हणाला, मी. कशासाठी? पाण्याच्या कॅनसाठी. माफी मागितली का? नाही. कोर्टात बसलेल्या नामपूरच्या माणसांत कुजबुज झाली. झुंबरला वाटलं होतं की हे बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसती तहान लागली.

महिन्याभरानं निकाल लागला. महेश आणि मोतीरामला शिक्षा झाली, उरलेले दोघं सुटले. निकाल ऐकायला झुंबर मुद्दाम गेला होता. मोतीरामला गाडीत बसवताना त्याच्या वाकड्या हाताला बेडी नीट बसेना. हवालदार खटपट करत होता आणि मोतीराम त्याला हात कसा धरायचा ते दाखवत होता. इतके महिने या घटकेची वाट बघितली होती, आणि आता झुंबरला तिकडं बघवेना. तो वळला आणि स्टँडकडं चालायला लागला.

पुतळाबाई त्याच्या पुढंच चालली होती. तीही स्टँडलाच निघालेली. तिला नामपूरची गाडी, त्याला नाशिकची. फलाटावर दोघं जवळजवळ उभे राहिले. तुम्ही साक्षीत खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, ती म्हणाली. आयुष्यभर शिव्या तरी देता आल्या असत्या तुम्हाला. आता मी कुणाला देऊ? नवऱ्याचं मनगट मीच मोडलं आणि तुम्ही तर खरं बोललात.

कानाखाली मारली त्याच दिवशी आपण माफी मागायला त्यांच्या घरी जायला हवं होतं, एवढंच झुंबर म्हणाला. "हो," पुतळाबाई म्हणाली. तिनं ते नाकारलं नाही, त्याची समजूतही काढली नाही.

नाशिकची गाडी आधी आली. पायऱ्या उंच होत्या. झुंबरनं दांडा धरून स्वतःला वर ओढलं. कुबड्या खाली राहिल्या होत्या, त्या पुतळाबाईनं उचलून आत दिल्या. मग पदर नीट करून ती आपल्या गाडीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.